न झालेला हल्ला आणि कोंडाजींची दाढ

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या डॉ. धर्मेश मढवी यांच्या दातांच्या दवाखान्यावर मे महिन्यातल्या एका मंगळवारी सायबर हल्ला झाला आणि चौदाशे तोंडांची सगळी माहिती एका झटक्यात कुलूपबंद झाली.

असं काहीही झालेलं नाही.

जगात घटना दोन प्रकारच्या असतात: घडलेल्या आणि कबूल केलेल्या. समाज दुसऱ्या प्रकारावर चालतो. आपल्याकडे पोरगा नापास होत नाही, त्याचा रिझल्ट होल्डवर असतो. सून भांडून माहेरी जात नाही, तिच्या आईला बरं नसतं. त्याच न्यायाने दवाखान्याचा कॉम्प्युटर हॅक होत नाही, 'सिस्टीम जरा स्लो' असते. धर्मेशच्या दवाखान्यातली सिस्टीम त्या मंगळवारपासून जरा स्लो होती. इतकी, की ती चालतच नव्हती.

हल्ला न होण्याला धर्मेशकडे आणखी एक भक्कम कारण होतं. येत्या रविवारी बदलापुरात 'कॅम्प-अंबरनाथ-बदलापूर दंतवैद्य मंडळा'चं शिबिर होतं, विषय 'सायबर सुरक्षा: काळाची गरज', आणि मुख्य मार्गदर्शक स्वतः डॉ. धर्मेश मढवी. (निवड रीतसर झाली होती. "कॉम्प्युटरमधलं कुणाला कळतं?" असं अध्यक्षांनी विचारल्यावर सर्वांनी माना खाली घातल्या. धर्मेश नेमका चहा पीत होता, त्यामुळे त्याची मान वर राहिली.) हाताची घडी घातलेल्या फोटोसकट त्याचा फ्लेक्स चौकात लागलेला होता. ज्या माणसाचा फ्लेक्स लागलाय, त्याच्यावर हल्ला होणं हे फ्लेक्सच्या दृष्टीने योग्य नव्हतं.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

सकाळी रिसेप्शनवरच्या किर्तीताईंनी कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडलं आणि आत हाक मारली, "सर, लग्नपत्रिका आलीय."

"कुणाची?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार?"

या उत्तरात खोट काढता येत नाही. त्यातून धर्मेश पडला आगरी. आगरी समाजात एखाद्याच्या हळदीला गेलं नाही तर दोन वर्षांत माफी मिळते, पण पत्रिका आली आणि पाहिलीच नाही असं म्हणणं म्हणजे भावकीशी वैर. नंबर अनोळखी होता हे खरं, पण मढवींच्या घरात अनोळखी नंबर म्हणजे चुलतभावाचं नवीन सिम.

"उघडा," धर्मेश म्हणाला.

किर्तीताईंनी उघडली. गणपती आला नाही. वधूवरांची नावं आली नाहीत. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं कुठल्याही चिमुरड्याने म्हटलं नाही. स्क्रीन काळी झाली आणि पांढऱ्या अक्षरांत मजकूर उमटला, की आपल्या सर्व फायली आमच्या ताब्यात आहेत, घाबरू नये, चावीच्या किमतीबाबत खालील मदत-खिडकीत संपर्क साधावा. मजकूर इंग्रजीत होता आणि (प्रामाणिकपणे सांगायचं तर) शिबिराच्या फ्लेक्सपेक्षा शुद्ध होता.

पाच मिनिटांत धर्मेशच्या आईचा, कमळाबाईंचा, जांभूळ गावाहून फोन आला. किर्तीताईंनी पत्रिका उघडण्याआधी कर्तव्यबुद्धीने त्यांना पुढे पाठवली होती आणि त्यांच्या जुन्या फोनवर ती उघडत नव्हती.

"कोनाचं लगीन हाय रं? हलद कवा?"

"आई, लग्न नाहीये. व्हायरस आहे तो."

"मंग पत्रिका कशाला धाडली त्यांनी?"

याचं उत्तर आजतागायत कुठल्याही सायबर तज्ज्ञाकडे नाही.

तज्ज्ञ मात्र लगेच आला. उन्मेषचं अंबरनाथला दुकान आहे. सीसीटीव्ही, अँटीव्हायरस आणि पाण्याचे फिल्टर या तिन्ही क्षेत्रांत तो काम करतो, कारण तिन्हींचं तत्त्व एकच: घाण आत येऊ द्यायची नाही आणि दर वर्षी काडतूस बदलायचं. त्याने स्क्रीन पाहिली आणि आदराने दोन पावलं मागे सरकला.

"सर, हे रॅन्समवेअर. चोर घरात आला, काय नेलं नाय. तुमच्याच कपाटाला त्याचं कुलूप ठोकलं, आता चावीचे पैसे मागतोय."

"तू अँटीव्हायरस टाकला होतास ना?"

"टाकला ना. पण अपडेट कोण करणार? इकडे बघा, रोज विचारत होता तो बिचारा, 'आत्ता करू?' तुम्ही रोज दाबलंय, 'नंतर आठवण करा'. दोनशे अकरा वेळा, सर. त्याने दोनशे अकरा वेळा आठवण केली. एवढी तर बायको करत नाय."

त्यानंतर उन्मेषने पुढील तांत्रिक उपाययोजना केल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो तसाच राहिल्यावर जरा जास्त वेळ बंद ठेवून चालू केला. इंटरनेटची पेटी ओल्या फडक्याने पुसली. आणि जाताना 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात' असा स्टिकर कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवला, म्हणजे चोराला पुन्हा आत येताना लाज वाटेल.

"बॅकअप आहे ना पण?" त्याने दारातून विचारलं.

इथे धर्मेशची छाती फुगली. बॅकअप होता. शिबिरासाठी त्याने वाचलं होतं, की माहितीची एक प्रत दवाखान्यापासून दूर, सुरक्षित, कोरड्या जागी ठेवावी. त्याप्रमाणे त्याने सगळ्या फायली एका हार्ड डिस्कमध्ये भरून ती जांभूळच्या घरी आईच्या कपाटात, नऊवारींच्या घडीत ठेवली होती. चोरच काय, वडीलही त्या कपाटाला हात लावत नसत.

डिस्क संध्याकाळी आली. जोडली. आत एकच फाईल होती. आतेभाऊ चंदूच्या हळदीचा व्हिडिओ, पाच तास, चार कॅमेरे आणि एक ड्रोन. हळदीच्या शूटिंगवाल्याकडची डिस्क भरली तेव्हा कमळाबाईंनी मोठ्या मनाने कपाट उघडून दिलं होतं आणि "यान कायतरी दातांचं हाय, ते काढून टाका" अशी स्पष्ट परवानगीही दिली होती.

धर्मेशने तो व्हिडिओ पाहिला. आधी हताशपणे, मग अभ्यासपूर्वक. कारण भावकीतले त्याचे बरेच पेशंट त्यात डीजेसमोर तोंड उघडून नाचत होते. तो एकेकाच्या हसण्यावर व्हिडिओ थांबवून, मोठा करून, आत डोकावू लागला. दोन कवळ्या आणि एक सोन्याचा दात एवढी माहिती परत मिळाली. (ड्रोनचा उपयोग शून्य. वरून दात दिसत नाहीत.)

बुधवारपासून दवाखाना नेहमीप्रमाणे सुरू होता. फरक इतकाच, की समोर बसलेल्या माणसाच्या तोंडात आपण मागच्या वेळी काय केलं, हे डॉक्टरला माहीत नव्हतं आणि ते माहीत नाही हे पेशंटला कळून चालणार नव्हतं. यातून धर्मेशने एक पद्धत विकसित केली. तो खुर्ची जवळ ओढायचा, पेशंटकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज मला सगळं पहिल्यापासून तुमच्या शब्दांत सांगा."

परिणाम विलक्षण झाला. खालच्या मजल्यावरचे सिंधी कापडवाले शेठ दात सोडून मुलाच्या घटस्फोटापर्यंत आले आणि डोळे पुसत म्हणाले, "साईं, बीस साल में पहली बार किसी डॉक्टरने पूछा." शुक्रवारपर्यंत बाहेरच्या बाकावर जागा उरली नाही. पण धर्मेशचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण शुक्रवारी कोंडाजी पष्टे यायचे होते.

कोंडाजी म्हणजे अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभ्या नोकरीत आत काय बनतं हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती सवय त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली. त्यांची एक दाढ काढायची होती. हे ठरलं होतं, एक्स-रे बघून, विचार करून, त्यांच्याशी बोलून ठरलं होतं. फक्त कोणती, ते कॉम्प्युटरमध्ये होतं.

कोंडाजींनी तोंड उघडलं. खाली डावीकडच्या दाढेत पांढरं तात्पुरतं सिमेंट. खाली उजवीकडच्या दाढेतही पांढरं तात्पुरतं सिमेंट. धर्मेशला एकच भरल्याचं आठवत होतं.

"काका, आज मला सगळं पहिल्यापासून तुमच्या शब्दांत सांगा."

"काय सांगायचं?"

"म्हणजे, कुठे दुखतं?"

कोंडाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू कारखान्याच्या गेटवर कोणी अनोळखी माणसाने दारूचं कोठार कुठेय विचारलंय. "डॉक्टर तुम्ही का मी? नाडी दिली, आता रोग बी मीच सांगू?"

त्याने आरशाच्या दांड्याने डावी दाढ ठोकली. कोंडाजींची पापणी हलली नाही. उजवी ठोकली. तीही बाजू गोपनीय राहिली. इतक्यात त्यांच्याबरोबर आलेली सून, माधवी, हळूच म्हणाली, "डॉक्टर, आठ दिवस झाले, भाकरी खाल्ली नाय त्यांनी. पेजेवर आहेत. रात्री उशीत तोंड खुपसून बसतात. पण दुखतंय म्हणून बोलायचं नाय."

"तू गप," कोंडाजी म्हणाले. एवढेच दोन शब्द बोलताना त्यांचा हात मात्र गालाकडे गेला आणि अर्ध्यातून परत मांडीवर आला. कोणत्या गालाकडे निघाला होता, ते धर्मेशला दिसलं नाही.

वाचक विचारील, नवा एक्स-रे का काढला नाही? एक्स-रेचं यंत्र त्याच कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. मग दुसऱ्या दवाखान्यात का पाठवलं नाही? कारण 'तुमच्या यंत्राला काय झालं?' हा प्रश्न कॅम्प चारमधून निघून चौकातल्या फ्लेक्सपाशी पोचायला एक रिक्षा पुरते. खरं सांगून का टाकलं नाही? वाचकाने असे भाबडे प्रश्न विचारू नयेत.

"थोडी सूज आहे," धर्मेश म्हणाला. सूज नव्हती. "सोमवारी काढू. पक्कं."

कोंडाजी उठले. वाटेत पेजेसाठी तांदूळ घ्यायचे का, एवढंच सुनेने जाताना त्यांना विचारलं. ते धर्मेशला कोंडाजींच्या न बोलण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी शिबिर झालं. उपस्थिती उत्तम होती. (जेवण होतं.) धर्मेशने पस्तीस स्लाइड दाखवल्या. अनोळखी फाईल उघडू नये, अपडेट टाळू नये, बॅकअप घरच्यांच्या हाती देऊ नये. शेवटच्या मुद्द्यावर त्याचा आवाज किंचित कापला, तो माइकचा दोष समजला गेला. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली.

अंबरनाथच्या डॉ. अंजनी उठल्या. अत्यंत हुशार बाई, धर्मेशला दोन वर्षं सीनियर. "माझ्या एका मैत्रिणीकडे," त्या म्हणाल्या, "एक लग्नपत्रिका आली. म्हणजे माझ्या नाही, मैत्रिणीच्या दवाखान्यात. तर समजा तिला एखाद्या पेशंटची दाढ आठवत नसेल, तर तिने काय करावं?"

बदलापूरचे एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, त्यांचाही एक मित्र आहे. तो हल्ली सर्व पेशंटांचे फक्त दात साफ करतो, कारण ते सगळ्यांनाच चालतं. तिसऱ्यांच्या मित्राने प्रत्येकाला 'महिनाभराने या' असं सांगून दवाखान्याचं रंगकाम काढलं आहे. अध्यक्षांच्या मित्राने नैनिताल गाठलं होतं. एकूण एकवीस सभासदांपैकी एकोणीस जणांना संकटात सापडलेले मित्र होते. उरलेल्या दोघांना मित्रच नव्हते.

धर्मेशने सभागृहाकडे पाहिलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्य बोलायला याहून योग्य वेळ येणं शक्य नव्हतं, म्हणून सर्वांनी ती एकदिलाने टाळली. मग ठराव झाला: 'आपल्या मंडळाच्या एकाही सभासदावर आजवर सायबर हल्ला झालेला नाही, याबद्दल ही सभा समाधान व्यक्त करते आणि सभासदांच्या मित्रांप्रती सहवेदना प्रकट करते.' टाळ्या झाल्या. जिलेबी कुरकुरीत होती.

सोमवारी कोंडाजी पहिल्या नंबरावर येऊन बसले. गाल आता न विचारता दिसत होता, दोन्हीकडून सारखाच ओढलेला. आठवड्याच्या पेजेने सगळंच चेहऱ्यावरून उतरलं होतं. धर्मेशने त्यांना खुर्चीत झोपवलं, दिवा लावला आणि "एक मिनिट" म्हणून बाहेर आला. किर्तीताईंना बाजूला करून तो त्या काळ्या स्क्रीनसमोर बसला आणि त्याने मदत-खिडकी उघडली.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात धर्मेश आजवर जितक्या खिडक्यांसमोर उभा राहिला, त्यांत ही पहिलीच, जिच्या पलीकडे माणूस होता. उत्तर वीस सेकंदांत आलं. (संभाषण इंग्रजीत झालं. इथे मराठीत देत आहोत, सौजन्य तेवढं कमी पडेल.)

'नमस्कार, मी डॅनियल. आपली काय सेवा करू?'

'सगळ्या फायली नकोत,' धर्मेशने लिहिलं. 'कोंडाजी पष्टे. त्यांची कोणती दाढ काढायचीय, एवढंच सांगा. माणसाला त्रास होतोय.'

'ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडे कोंडाजी पष्टे दोन आहेत. एक आपले, एक अंबरनाथच्या डॉ. अंजनी यांच्याकडचे. जन्मतारीख आणि फोन एकच, तेव्हा माणूसही एकच असावा. खालची डावी आपण उघडली आहे, खालची उजवी त्यांनी. आपण डावी काढायचं ठरवलंय, त्यांनी उजवी.'

धर्मेशने उघड्या दारातून आतल्या खुर्चीकडे मान वळवली. कोंडाजी छताकडे बघत शांत पडले होते. त्यांच्या पोटात काय होतं, ते आता त्याला कळलं. म्हणजे पेज नव्हे, दुसरं.

'मग कोणती काढू?' त्याने लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हा प्रश्न कुणाला तरी सरळ विचारला होता.

'कृपया लाइनवर राहा. आमच्याकडे एक दंतवैद्य आहेत, त्यांना दाखवतो.'

तीन ठिपके नाचत राहिले. मग उत्तर आलं: 'त्यांनी दोन्ही दवाखान्यांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले. खालच्या दोन्ही दाढा निरोगी आहेत, कुठलीच काढू नये. वरची डावी अक्कलदाढ मागच्या बाजूने किडली आहे. तिची कळ खाली उतरते, म्हणून फसगत होते. डॉ. अंजनींच्या पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत स्पष्ट दिसतंय. आणखी काही मदत?'

'तुमच्याकडे दंतवैद्य कसे?'

'पगार वेळेवर होतो, सर.'

धर्मेश आत गेला. आरसा वर धरला, गालाच्या पार मागे. होती. काळी, पोकळ, भिंतीला तोंड करून बसलेली. दोन डॉक्टरांनी खालची दोन घरं फोडली आणि चोर माळ्यावर. त्याने सुई दिली, थांबला, दाढ काढली. कोंडाजींनी तोंडात कापूस धरला. मग त्यांनी पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, हात डाव्या गालावर नेऊन ठेवला आणि तिथेच राहू दिला. दाराशी उभ्या सुनेने पदर डोळ्यांना लावला.

"सापडली?" त्यांनी कापसातून विचारलं.

"सापडली, काका. पण तुम्हाला माहीत होतं कुठेय ती?"

"मग? माझंच तोंड हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काढायची तर सुतार बी काढील." कोंडाजी कष्टाने उठून बसले. "दोन डॉक्टर लावलेले परीक्षेला. अंबरनाथच्या बाई नापास. तुम्ही पास."

ते बाहेर बाकावर सर्वांना ही बातमी देऊनच घरी गेले. एवढी वर्षं साठवलेली सगळी गोपनीयता त्यांनी एका दुपारी खर्च केली. धर्मेशचं नाव झालं. त्याने ते नाव ठेवून घेतलं आणि मदत-खिडकीला सेवेच्या दर्जाबद्दल पाचपैकी पाच तारे दिले.

पुढे व्हायचं तेच झालं. धर्मेशने डॉ. अंजनींना ही खिडकी एका मित्राची म्हणून सांगितली. त्यांनी आपल्या मैत्रिणीला सांगितलं. महिन्याभरात मंडळाचे एकोणीस मित्र रोज सकाळी तिथे रांग लावू लागले. कुणाची कवळी, कुणाची ॲलर्जी, कुणाचा मधुमेह. कोणता पेशंट किती डॉक्टरांना फिरवतोय, हेही तिथे कळू लागलं. या भागातल्या माणसांच्या तोंडांची सगळी माहिती इतिहासात प्रथमच एका जागी, नीट लावलेली, विचारताच मिळणारी अशी झाली होती. चावीचे पैसे मात्र कुणीच भरले नाहीत. ज्याच्यावर हल्लाच झालेला नाही, तो पैसे कसले भरणार?

शेवटी डॅनियलचा सर्वांना एकत्रित संदेश आला. भाषेतलं सौजन्य प्रथमच विरळ झालं होतं. आमची संस्था तोट्यात आहे, त्याने लिहिलं होतं, आमचे दंतवैद्य रात्रंदिवस तुमचेच एक्स-रे बघतात, त्यांनी राजीनामा दिला आहे. काही नको आम्हाला. शुक्रवारी सर्व फायली विनामूल्य परत करत आहोत. कृपया घेऊन जा.

मंडळात हाहाकार उडाला. तातडीची बैठक झाली आणि मुख्य मार्गदर्शक या नात्याने धर्मेशने मदत-खिडकीत पुढील अर्ज दाखल केला:

'प्रति, मा. हल्लेखोर महोदय. विषय: फायली परत न करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमच्यावर हल्ला झालेला नसल्याने आमच्या फायली आम्हांस परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्या आपल्याकडेच राहाव्यात. आपल्या दंतवैद्यांचा राजीनामा मंजूर करण्यात येऊ नये. तसेच या अर्जाचे वाचन करणाऱ्या सर्व व्यक्तींनी (वाचक धरून) आपली दुखरी दाढ कोणती, हे नुकतेच जिभेने चाचपून पाहिले असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. सदर व्यक्तींचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या मुलाचे नाव व त्यापुढे जन्मसाल आहे आणि तो त्या स्वतः कधीही बदलणार नाहीत. सबब तो आपल्या स्तरावरून बदलण्यात यावा व नवीन पासवर्ड संबंधितांना बंद लिफाफ्यात, रजिस्टर पोस्टाने, कार्यालयीन वेळेत कळवण्यात यावा, ही नम्र विनंती.'